कर्करोगाचा धोका कमी करताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

कर्करोग टाळण्याविषयी मराठी घरांत जो सल्ला फिरत असतो, त्यातला बराचसा ताटाभोवतीच घुटमळतो. सकाळी उठल्यावर हळदीचे पाणी घ्या, मैदा बंद करा, अमुक फळाचा रस प्या, प्लॅस्टिकचे डबे फेकून द्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मात्र त्याच घरात आजी दिवसातून तीन-चार वेळा मशेरी लावत असते, नातू कॉलेजबाहेरच्या टपरीवर सुगंधी सुपारी चघळत असतो आणि तिशी ओलांडलेल्या एकाही स्त्रीच्या गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदाही झालेली नसते. हळदीच्या पाण्याने कोणाचे नुकसान होत नाही हे खरे, पण लहान कामे आधी उरकून मोठी कामे तशीच ठेवण्याची ही सवय महागात पडते. म्हणून या लेखात कामे त्यांच्या वजनानुसार लावली आहेत, आणि वाचकांनीही त्याच क्रमाने ती हाती घ्यावीत.

हा क्रम आपल्याकडच्या आजाराच्या स्वरूपावरून ठरतो. २०२२ च्या जागतिक अंदाजांनुसार भारतात त्या वर्षी कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले, आणि त्यांत स्तन, तोंड व गर्भाशयमुख या तीन जागांच्या कर्करोगांचा वाटा जवळपास एक तृतीयांश होता. यांपैकी तोंडाचा कर्करोग मुख्यतः तंबाखू आणि सुपारीमुळे होतो, गर्भाशयमुखाचा एका विषाणूमुळे होतो आणि त्यावर लस आहे, तर स्तनाचा कर्करोग पूर्णपणे टाळता येत नसला तरी लवकर सापडला तर उपचारांना चांगली दाद देतो. एकूण कर्करोगांपैकी ३० ते ५० टक्के टाळता येण्याजोगे आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचा दुसरा अर्थ असा की सर्व काही नीट करूनही एखाद्याला हा आजार होऊ शकतो. त्यामुळे आजारी माणसाला "तूच काहीतरी चुकीचे केले असशील" असे सुनावण्याचा अधिकार या माहितीने कोणालाही मिळत नाही.

पहिले काम: तोंडात काय जाते याची झडती

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या २६.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे केवळ ३.८ टक्के होते, तर चघळण्याची किंवा लावण्याची तंबाखू आणि नाकात ओढण्याची तपकीर, अशी बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचा प्रश्न धुराचा कमी आणि गालातल्या बाराचा जास्त आहे. सिगारेट न ओढणारा माणूस स्वतःला निर्व्यसनी समजतो आणि दिवसभर चुना मळून ओठाखाली बार भरतो, हे दृश्य शेतात, एसटी डेपोत आणि बांधकामावर सारखेच दिसते.

घरातील झडती घेताना "कोणी तंबाखू खाते का?" असा एकच प्रश्न विचारून भागत नाही, कारण पुष्कळ वस्तू लोकांच्या लेखी तंबाखूत मोडतच नाहीत. मशेरी हे त्याचे ठळक उदाहरण. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची आणि दातांना लावायची. तिला व्यसन न म्हणता दात घासणे म्हणतात, म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावरही उत्तर नाहीच येते. प्रत्यक्षात बोट हिरडीवर पंधरा-वीस मिनिटे फिरत असते आणि निकोटीन तिथूनच रक्तात उतरत असते. विदर्भातला खर्रा, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातला मावा, तपकीर, तंबाखू घातलेले पान आणि गुटखा, या सगळ्यांची नावे घेऊन विचारावे. गुटखा व पानमसाल्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली, तरी मसाल्याची आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी विकत घेऊन तळहातावर एकत्र करणे अजून सर्रास चालते.

सुपारीबाबत तर अधिक स्पष्ट बोलायला हवे. तंबाखू नसली तरी सुपारी माणसात कर्करोग निर्माण करते, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच प्रसिद्ध केला. सुपारीमुळे तोंडाच्या आतले अस्तर कडक होत जाते, आधी तिखट सोसेनासे होते, मग आग होते आणि हळूहळू तोंड उघडणेच कमी होते. पाणीपुरी तोंडात जाईनाशी झाली, हे अनेक तरुणांच्या लक्षात येणारे पहिले चिन्ह असते. ही स्थिती पूर्ववत होत नाही आणि तिच्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. पूजेत, सुपारी फुटताना किंवा विड्यात सुपारी मांडण्याला कोणाची हरकत नाही, ती चघळण्याला आहे. बाळंतिणीला जेवणानंतर विडा देण्याची पद्धत ज्या घरांत आहे, तेथे सुपारी वगळून ओवा, बडीशेप, बाळंतशेपा आणि खोबरे घालावे. मुलांच्या हाती पडणारी दोन रुपयांची गोड सुपारी ही पुढच्या सगळ्या व्यसनांची पहिली पायरी असते, म्हणून ती तर घरात येताच कामा नये.

सोडण्याची कृती

"आजपासून बंद" असे रागाच्या भरात जाहीर करणे आणि तिसऱ्या दिवशी लपून पुडी उघडणे, हा क्रम बहुतेकांना ठाऊक असतो. त्यापेक्षा पुढील दोन आठवड्यांतील एक तारीख ठरवावी आणि ती घरात सांगावी. मधल्या दिवसांत प्रत्येक वेळी बार भरण्याआधी वेळ व कारण एका कागदावर लिहावे. चहानंतर, जेवणानंतर, गाडी चालवताना, शौचाला जाण्यापूर्वी, कामाची वाट पाहत नाक्यावर उभे असताना, अशा चार-पाच ठरावीक वेळाच त्या कागदावर पुन्हापुन्हा दिसू लागतात. प्रत्येक वेळेला पर्याय आधीच ठरवलेला असावा: चहानंतर लगेच उठून तोंड धुणे, गाडीत लवंग किंवा वेलची ठेवणे, नाक्यावर बडीशेपेची डबी खिशात असणे. तलफ साधारणपणे काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, जागा बदलावी, कोणाशी तरी बोलावे.

मशेरी लावणाऱ्या स्त्रियांची एक तक्रार हमखास असते आणि ती खोटी नसते: मशेरीशिवाय पोट साफ होत नाही. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होते. याची कल्पना आधी दिली नाही, तर चौथ्या दिवशी मशेरीची डबी पुन्हा बाहेर येते. सकाळी कोमट पाणी, रात्री भिजवलेल्या मनुका, जेवणात पालेभाजी व भाकरी, आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल, एवढ्यावर बहुतेकींचे भागते. चिडचिड, झोप न लागणे आणि डोके दुखणे हेही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होते व नंतर कमी होते. घरच्यांनी या काळात टोमणे मारण्याचे टाळले, तरी ती मोठी मदत ठरते.

ज्यांना उठल्याउठल्या अर्ध्या तासात तंबाखू लागते, त्यांचे अवलंबित्व जास्त असते आणि केवळ निश्चयावर त्यांना सोडून देणे योग्य नाही. निकोटीनचे च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते, परंतु ते साध्या गमसारखे सतत चघळायचे नसते. थोडे चावून तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचे आणि चव गेली की पुन्हा चावायचे. चहा-कॉफी किंवा आंबट सरबत प्यायल्यानंतर पंधरा मिनिटे ते घेऊ नये, कारण मग निकोटीन नीट शोषले जात नाही. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. तंबाखू सोडवण्यासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे आणि तिचा क्रमांक तंबाखूच्या पुडीवरही छापलेला असतो. पुन्हा एकदा पुडी उघडली गेली, तर तो प्रयत्न फुकट गेला असे मानू नये. कोणत्या प्रसंगी घसरलो ते त्याच कागदावर लिहून नवी तारीख ठरवावी. अनेकांची तंबाखू दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नातच सुटते.

महिन्यातून एकदा आरशासमोर

तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्याने, आणि ती सोडलेल्यानेही, महिन्यातून एकदा स्वतःचे तोंड पाहावे. खिडकीसमोर किंवा मोबाइलच्या उजेडात आरसा धरावा, चूळ भरावी, कवळी असल्यास काढावी. आधी वरचा व खालचा ओठ उलटून पाहावा, मग गाल बोटाने बाहेर ओढून आतली बाजू मागच्या दाढेपर्यंत पाहावी. ज्या जागी बार ठेवण्याची सवय असते ती जागा सर्वांत नीट पाहावी. जीभ स्वच्छ रुमालाने धरून तिच्या दोन्ही कडा, मग जीभ टाळूला लावून तिच्याखालची जागा, आणि शेवटी डोके मागे करून टाळू पाहावा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, जाडसर झालेली जागा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा कारण नसताना हललेला दात, यांपैकी काहीही दिसल्यास दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तरीही जावे. दुखत नाही म्हणून थांबू नये, कारण सुरुवातीला हे चट्टे बहुधा दुखतच नाहीत. अशी तपासणी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी केल्याने तंबाखू व दारू घेणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात, हे केरळमधील तिरुवनंतपुरमच्या मोठ्या अभ्यासाने २००५ मध्ये दाखवले.

दुसरे काम: दोन लसी

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गामुळे होतो. हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो आणि तो इतका सर्वत्र आहे की त्याचा संसर्ग होणे हा कोणाच्याही चारित्र्याचा निकष ठरत नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो, ज्यांच्यात टिकतो त्यांच्यात दहा-वीस वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. लस संसर्गाच्या आधी दिली तरच पूर्ण उपयोगी पडते, म्हणून तिचे वय ९ ते १४ ठरलेले आहे. "मुलगी अजून लहान आहे" असे म्हणून पालक जेव्हा ती पुढे ढकलतात, तेव्हा नेमका योग्य काळ हातचा जातो.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली 'सर्व्हाव्हॅक' ही लस २०२३ च्या सुरुवातीपासून बाजारात आहे. तिच्या आधीपासून परदेशी लसीही मिळतात. लसीच्या माहितीपत्रकानुसार ९ ते १४ या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, आणि १५ वर्षांनंतर तीन मात्रा दिल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एक मात्राही पुरेशी ठरू शकते असे सांगितले, आणि या निर्णयामागच्या पुराव्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. बार्शी व पुणे ही केंद्रे असलेल्या एका भारतीय अभ्यासात २००९ पासून सुमारे १७ हजार ७०० मुलींना लस दिली जात होती. २०१० मध्ये सरकारने अशा सर्व अभ्यासांतील लसीकरण थांबवले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळून काम अर्धवट राहिले. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही, आणि दहा वर्षांनी असे दिसले की एका मात्रेनेही विषाणूच्या १६ व १८ या घातक प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून दोन-तीन मात्रांच्या तोडीचे संरक्षण मिळाले होते. तेव्हा खर्च झेपत नाही म्हणून लसीचा विचारच सोडून देण्यापेक्षा, किती मात्रा घ्याव्यात याविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोलून निदान एक तरी योग्य वयात द्यावी. सरकारी लसीकरणाविषयी गावातील आशाताईंना किंवा शाळेला विचारावे. लस घेतल्यावर मुलीला पंधरा मिनिटे बसवून ठेवावे, कारण या वयात सुईच्या भीतीने चक्कर येणे नेहमीचेच आहे. मुलांनाही ही लस देता येते.

लग्न होऊन अनेक वर्षे झालेल्या स्त्रीला या लसीचा फायदा बराच कमी होतो. तिने त्याच पैशांत आधी तपासणी करून घ्यावी. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तिशीनंतर तपासणी लागतेच, कारण लस विषाणूचे सर्व घातक प्रकार अडवत नाही.

दुसरी लस हिपॅटायटिस बी या काविळीची. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे मुकाट्याने राहतो आणि पुढे यकृत आकसणे व यकृताचा कर्करोग यांना कारण होतो. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली मात्रा मिळाली का, हे प्रसूतिगृहातून निघण्यापूर्वी कार्डावर पाहावे. २०११ पासून ही लस देशभरातील नियमित लसीकरणात आहे, म्हणजे आजच्या बहुतेक प्रौढांना लहानपणी ती मिळालेली नाही. प्रौढांनी आधी रक्ताची साधी तपासणी करावी आणि संसर्ग नसेल तर शून्य, एक व सहा महिने अशा तीन मात्रा घ्याव्यात. घरात कोणाला ही कावीळ असेल, तर हे काम लांबणीवर टाकू नये. संसर्ग आढळला, तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय कार्यक्रमाखाली उपचार मिळतात. जत्रेत गोंदवून घेणे आणि सलूनमध्ये वापरलेल्या पात्याने दाढी करणे टाळावे, नवे पाते समोर काढायला सांगावे.

तिसरे काम: तीस वर्षांनंतरच्या तपासण्या

सरकारी कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची, आणि स्त्रियांच्या स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत विनामूल्य व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी केल्याचे सांगितले. सेवा कागदावर असून ती मागायला कोणी जात नाही आणि देणाराही आग्रह धरत नाही, अशी ही अवस्था आहे. म्हणून येथे मागणाऱ्यानेच पुढाकार घ्यावा आणि नाव घेऊन मागणी करावी: "माझी गर्भाशयमुखाची तपासणी कधी होईल?"

ही तपासणी दोन-तीन प्रकारे होते. सर्वांत साध्या प्रकारात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावतात आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का हे डोळ्यांनी पाहतात. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाच्या संशोधकांनी दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित स्त्रियांनी केलेल्या या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसरा प्रकार विषाणूच्याच तपासणीचा. आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला, आणि ज्या गटात आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केली गेली, त्या गटातील मृत्यू तपासणी न झालेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्मे झाले. एका जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या स्त्रियांवरून जगाच्या तपासणीच्या धोरणाला आधार मिळाला, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. ज्यांना परवडते त्यांनी एचपीव्हीची तपासणी वयाच्या पस्तिशीला व पंचेचाळिशीला तरी करावी. नाहीतर व्हिनेगरची किंवा पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची) तीन ते पाच वर्षांनी करावी. पाळी चालू नसताना जावे. तपासणीला पाच मिनिटे लागतात, थोडे अवघडल्यासारखे होते, पण भूल लागत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये व्हिनेगरची पद्धत नीट चालत नाही, त्यांनी एचपीव्हीची तपासणी निवडावी.

स्तनांबाबत मुंबईतच वीस वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित कार्यकर्तीने दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीने गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांमध्ये मृत्यूंत तशी घट दिसली नाही. म्हणून तिशीनंतर ही तपासणी करून घ्यावीच, आणि चाळिशीनंतर मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) केव्हा व किती अंतराने करावी हे स्वतःच्या घराण्याचा इतिहास सांगून डॉक्टरांशी ठरवावे. आपले स्तन एरवी कसे लागतात याची ओळख मात्र प्रत्येकीला असावी. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी, अंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेत चाचपून पाहावे. गाठ, एका बाजूने आत ओढले गेलेले बोंड, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, किंवा बोंडातून येणारे रक्त दिसल्यास त्याच आठवड्यात जावे. स्वतः केलेली ही पाहणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. केवळ तिच्यावर विसंबल्याने मृत्यू कमी होत नाहीत, हे चीनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसून आले आहे.

दारू, वजन आणि ताट

दारूविषयी थोडक्यात सांगता येते: कर्करोगाच्या दृष्टीने सुरक्षित असे तिचे कोणतेही प्रमाण नाही. बिअर, वाइन, देशी आणि फेणी यांत या बाबतीत फरक करता येत नाही, कारण घातक घटक अल्कोहोलच आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्तन यांच्या कर्करोगाचा धोका तिने वाढतो, आणि तिच्या जोडीला तंबाखू असेल तर तोंड-घशाच्या बाबतीत हा धोका गुणाकाराने वाढतो. सोडवत नसेल त्याने निदान ही जोडी तरी मोडावी. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकाएकी बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करावी, कारण अचानक थांबल्याने झटके येऊ शकतात.

वजनाच्या बाबतीत काट्यापेक्षा मोजपट्टी अधिक प्रामाणिक असते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर पोटाचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांत तो ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या आत असावा. पाळी गेल्यानंतर वाढलेल्या चरबीतून तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्तन व गर्भाशयाच्या कर्करोगाला पोषक ठरते, म्हणून पन्नाशीनंतर वजन वाढू न देणे हे स्त्रियांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. घरकामात दिवसभर पायांवर उभ्या असणाऱ्या स्त्रीला "तुमचा व्यायाम होतोच की" असे सांगून वाटेला लावले जाते, पण ओट्यापाशी उभे राहणे म्हणजे वेगाने चालणे नव्हे. तिच्या वाट्याला अर्धा तास मोकळा काढून देणे, हे घरातील इतरांचे काम आहे. स्तनपानानेही आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो आणि एकूण जितके महिने पाजले तितका फायदा वाढतो.

ताटाबद्दल नवे असे फार थोडे सांगण्यासारखे आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी आणि एखादे हंगामी फळ, हे आपले जुने जेवण तंतुमय पदार्थांच्या दृष्टीने उत्तम आहे आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविरुद्ध त्याचा उपयोग होतो. भाज्या व फळे मिळून दिवसाला ४०० ग्रॅम पोटात जावीत. घरात एकदा वजन करून पाहिल्यास आपण त्याच्या निम्मेही खात नाही, हे बहुतेकांना कळेल. सॉसेज, सलामी, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस २०१५ पासून निश्चित कर्ककारक गणले जाते आणि रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. गोव्याची चोरीस याच वर्गात मोडते. सणासुदीला ती खाण्याने आभाळ कोसळत नाही, रोजच्या पावासोबत मात्र ती नको. चहा कपात ओतल्यावर चार-पाच मिनिटे थांबून प्यावा, कारण ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेये अन्ननलिकेला बाधक ठरण्याची शक्यता आहे.

एका वस्तूकडे मात्र मराठी स्वयंपाकघराने खास लक्ष द्यावे, ती म्हणजे शेंगदाणे. शेंगदाणे आणि मका ओलसर जागी राहिल्यास त्यांच्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, आणि ते यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे. ज्यांना हिपॅटायटिस बी आहे, त्यांना त्याचा धोका कितीतरी जास्त असतो. भाजल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून कूट करण्यापूर्वी दाणे ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, हिरवट आणि फुटके दाणे वेगळे काढावेत. तोंडात कडू लागलेला दाणा गिळू नये. पावसाळ्यात दाणे थोडे-थोडे आणावेत आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावेत. आयते कूट स्वस्त मिळते, पण त्यात कोणते दाणे गेले ते दिसत नाही.

चुलीच्या धुराचा फुप्फुसावर परिणाम होतो, तेव्हा जेथे गॅस घेणे शक्य आहे तेथे तो घ्यावा आणि अंघोळीचे पाणी तापवण्याची चूल निदान छपराबाहेर मांडावी.

कमरेची नाडी

ही गोष्ट दुर्मीळ आहे, परंतु ती आपल्याच पेहरावाशी जोडलेली असल्यामुळे सांगणे योग्य वाटते. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट नेसल्याने कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये केले होते. परकराच्या नाडीने तसाच कर्करोग झालेली वर्ध्याकडची एक वृद्ध रुग्ण अलीकडेच वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. नाडी रुंद पट्टीची असावी, गाठीची जागा बदलत राहावी, घरी असताना ती सैल करावी. कमरेवर काळा चट्टा असणे सर्रास आढळते व ते निरुपद्रवी असते. त्यावर जखम होऊन ती भरत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावी.

घराण्याचा इतिहास आणि पैशांचा अपव्यय

पाच ते दहा टक्के कर्करोग आनुवंशिक दोषामुळे होतात. आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी एकीला पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा कोणत्याही वयात बीजाशयाचा कर्करोग झाला असेल, किंवा एकाच घराण्यात दोघा-तिघांना मोठ्या आतड्याचा झाला असेल, तर वर दिलेली तपासण्यांची वये तुमच्यासाठी नाहीत. नातेवाइकांची नावे, कर्करोगाची जागा आणि तो झाला तेव्हाचे वय एका कागदावर लिहून तज्ज्ञांकडे जावे. वडिलांकडची बाजू विसरू नये, कारण स्तनाच्या कर्करोगाचा दोष वडिलांकडूनही येतो.

याउलट, कोणतीही तक्रार नसताना "संपूर्ण कर्करोग तपासणी" या नावाखाली रक्तातील ट्यूमर मार्करची (कर्करोगात वाढू शकणाऱ्या घटकांच्या चाचण्यांची) पॅकेजे घेण्यात अर्थ नाही. त्या चाचण्या मुख्यतः उपचारांचा पाठपुरावा करण्यासाठी असतात. निरोगी माणसात त्या विनाकारण वाढलेल्या दिसतात आणि मग स्कॅनची रांग लागते, किंवा त्या सामान्य दिसतात आणि खोटा दिलासा मिळतो.

अंगावर काढू नयेत अशा गोष्टी

शौचावाटे रक्त गेले की घरोघरी "मूळव्याध असेल" असे म्हणून मलम आणले जाते. चाळिशीनंतर प्रथमच रक्त जाऊ लागले, शौचाची सवय बदलली किंवा रक्ताची कमतरता निघाली, तर दुर्बिणीने तपासणी झाल्याशिवाय मूळव्याधीवर शिक्का मारू नये. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, तीन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा बसलेला आवाज, घास अडकणे आणि कारणाविना घटलेले वजन, यांसाठीही थांबू नये. यांतील बहुतेक तक्रारींचे कारण शेवटी साधेच निघते.

अशा वेळी डॉक्टर संशयित जागेचा तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) सांगतात आणि तेथेच पुष्कळ रुग्ण परत फिरतात, कारण सुई टोचली किंवा तुकडा काढला की आजार पसरतो, ही समजूत गावात आणि शहरात सारखीच घट्ट आहे. योग्य पद्धतीने केलेल्या तुकड्याच्या तपासणीमुळे आजार पसरून रुग्ण दगावत नाही, उलट तिच्याशिवाय उपचार ठरवता येत नाहीत. तपासणीला जाताना तंबाखू, मशेरी, सुपारी व दारू यांविषयी खरे सांगावे, चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी दाखवावी, आणि तुकड्याचा अहवाल मिळाला की त्याची मूळ प्रत स्वतःजवळ ठेवून पुढे छायाप्रतीच द्याव्यात.